घरातील जुने लष्करी बिल्ले कसे ओळखावेत : नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावे तर आहेतच, पण गडहिंग्लज, चंदगड, आजरा, कागल या तालुक्यांतही असे वाडे आणि घरे पुष्कळ आहेत, जिथे माळ्यावर एखादी लोखंडी ट्रंक असते आणि तिच्यात पदकांच्या शेजारी कापडाचे दोन-चार रंगीत तुकडे पडून असतात. पदकांवर अक्षरे असतात, म्हणून त्यांची निदान चौकशी तरी होते. कापडी बिल्ल्यावर मात्र नुसता गरुड, मांजर, कट्यार किंवा लाल ठिपका असतो, आणि तो कशाचा हे सांगणारा माणूस गेलेला असतो. असा बिल्ला ओळखण्याचे काम अवघड नाही, फक्त ते योग्य क्रमाने करावे लागते. चित्र पाहून लगेच इंटरनेटवर तसेच चित्र शोधणे ही या कामातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

आधी हात आवरावा

बिल्ले सापडले की ते धुवावेत, इस्त्री करावेत आणि पितळी अक्षरे चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करावीत असा मोह होतो. तसे काहीही करू नये. लोकरी फेल्टवरचा रंग पाण्याने फुटतो, इस्त्रीने भरतकाम चेपते आणि पितळेवरचा काळपटपणा घासला की त्याच्या वयाची एक खूण कायमची जाते. बिल्ला अजून गणवेशाला शिवलेला असेल तर तो उसवू नये, कारण तो कोणत्या हातावर, खांद्यापासून किती खाली आणि कोणत्या दुसऱ्या खुणेच्या शेजारी लावलेला आहे, हीच माहिती पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

त्यानंतर प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा. कोणता बिल्ला कोणत्या पाकिटात, डबीत किंवा गणवेशावर होता याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी, कारण एकदा सगळे बिल्ले टेबलावर एकत्र पसरले की ही माहिती परत मिळत नाही.

वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे

घरात ज्याला सरसकट ‘खांद्यावरचा बिल्ला’ म्हणतात त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे शोल्डर टायटल, अर्थात खांद्याच्या पट्टीवर लावलेली पितळी किंवा कापडी अक्षरे, ज्यांवरून रेजिमेंट कळते. दुसरी म्हणजे हुद्द्याची खूण : लान्स नाईकची एक, नाईकच्या दोन आणि हवालदाराच्या तीन फिती दंडावर असतात, तर सुभेदार आणि अधिकाऱ्यांचे तारे खांद्याच्या पट्टीवर असतात. तिसरी म्हणजे फॉर्मेशन साइन, जिला जुने फौजी ‘डिव्ह साइन’ म्हणतात. हा दंडाच्या वरच्या भागावर लावायचा चित्राचा बिल्ला होय.

नवख्या माणसाचा घोटाळा होतो तो याच ठिकाणी. फॉर्मेशन साइन ही रेजिमेंटची खूण नसून ती पलटण त्या काळात ज्या डिव्हिजनच्या (अनेक पलटणींचा मोठा गट), कोअरच्या किंवा कमांडच्या (डिव्हिजनांच्या वरचे आणखी मोठे गट) हाताखाली होती तिची खूण असते. एका डिव्हिजनमध्ये मराठा, गढवाली, गोरखा, पंजाबी अशा अनेक पलटणी, शिवाय तोफखाना, सॅपर्स (लष्करी अभियंते) आणि रसद पुरवणारे असत आणि हे सगळे एकच चित्र दंडावर लावीत. म्हणून ‘हा मराठा लाईट इन्फंट्रीचा गरुड’ असे कोणी सांगितले तर ते विधान मुळातच चुकीचे असते. मराठा लाईट इन्फंट्रीचे स्वतःचे चिन्ह बिगुल, ढाल आणि तलवारी यांचे आहे आणि ते टोपीवर असते. उलट, पलटण एका डिव्हिजनमधून दुसरीत गेली की तिच्या जवानांच्या दंडावरचे चित्र बदलत असे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठ्यांच्याच तिसऱ्या पलटणीचे आहे. ही पलटण पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा लाईट इन्फंट्री या नावाने ओळखली जात होती. १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत ती पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, म्हणजे दंडावर काळ्या पार्श्वभूमीवरचे लाल वर्तुळ. १९४४ मध्ये इटलीत, नाईक यशवंत घाडगे यांना ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्या वेळी, ती दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि तिथली खूण तिरक्या पट्ट्याची होती. युद्धानंतर ती छत्रीधारी पलटण झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा (मराठा), म्हणून नोंदली गेली. हीच पलटण ११ डिसेंबर १९७१ रोजी ५० व्या पॅराशूट ब्रिगेडकडून आजच्या बांगलादेशातील टांगाईलवर उतरली. एखाद्या घरात आजोबा, चुलते आणि वडील असे तिघे ओळीने याच पलटणीत असतील, तर त्यांच्या ट्रंकेत एकमेकांशी काहीही साम्य नसलेले बिल्ले सापडतील आणि तरीही पलटण एकच असेल.

चित्राआधी पाठ वाचावी

बिल्ला उलटा करून पाहिल्याशिवाय त्याच्या काळाबद्दल काहीही ठरवू नये. दुसऱ्या महायुद्धातले भारतीय सैन्यातले कापडी बिल्ले बरेचदा हिंदुस्थानात किंवा सैन्य जिथे असेल तिथल्या बाजारात बनवून घेतलेले असत. त्यामुळे ते हाताने भरलेले, फेल्टवर फेल्ट कापून चिकटवलेले आणि शिवलेले, किंवा साध्या सुती कापडावर छापलेले आढळतात. हाताच्या साखळी टाक्याच्या कामात पाठीवर दोऱ्याच्या गाठी आणि एका रंगावरून दुसऱ्या रंगाकडे नेलेले सैल धागे दिसतात, तर दोन जोडीच्या बिल्ल्यांतही चोच, शेपटी किंवा पात्याचा कोन थोडा वेगळा असतो. हे वेगळेपण खोटेपणाचे लक्षण नाही, उलट हाताच्या कामाचे आहे.

पाठीवर खाकी ड्रिलचा तुकडा आणि त्याला दोन किंवा चार टिचबटणे असतील तर ती आपल्या हवामानातली सोय समजावी, कारण गणवेश सारखा धुण्याला जाई आणि दर वेळी बिल्ला उसवण्यापेक्षा काढून ठेवणे सोपे असे. टिचबटणांऐवजी कडेने भोके दिसत असतील तर त्यांत अडकलेले धाग्यांचे तुकडे भिंगाखाली पाहावेत. ब्रह्मदेशातल्या आघाडीवर युद्धाच्या उत्तरार्धात जंगली हिरवा गणवेश आला होता, आफ्रिकेत खाकी सुती आणि इटलीच्या थंडीत जाड लोकरी बॅटलड्रेस वापरला जाई. मागे चिकटलेले हिरवे सुती किंवा तपकिरी लोकरी तंतू त्यामुळे आघाडीकडे बोट दाखवतात. मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्याचाही गणवेश पुढे हिरवाच राहिला, म्हणून एकट्या हिरव्या धाग्यावर निष्कर्ष काढू नये.

पाठीची मूळ रंगछटा आणि पुढची उडालेली छटा यांतला फरक बिल्ला खरोखर वापरला गेल्याचे सांगतो. पुढून आणि मागून सारखाच टवटवीत असलेला बिल्ला एकतर कधी लावलाच गेला नाही किंवा तो नवीन आहे. नवेपणाच्या आणखी काही खुणा आहेत : पाठीवर वेल्क्रो, प्लास्टिकचा किंवा चिकट थर, आणि कडेला यंत्राने घातलेली जाड गोल ओव्हरलॉक शिवण. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली धागा निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा युद्धानंतरच्या काळातला, कारण चकाकी आणणारी रसायने कापडात आणि साबणात त्यानंतरच रुळली. पण जुना बिल्ला घरच्या कोणी अलीकडे डिटर्जंटमध्ये बुचकळला असेल तरी तो चमकतो, तेव्हा या चाचणीला एकटीला किंमत देऊ नये. धागा जाळून वास घेण्याचा सल्ला काहीजण देतात, तो वारशाच्या वस्तूवर कधीही अमलात आणू नये.

मुकुट, सिंह आणि अक्षरे

धातूच्या वस्तूंचा काळ ठरवणे त्यामानाने सोपे असते. खुणेवर राजमुकुट असेल तर ती ब्रिटिश अमलातील, आणि अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकातील, कारण २६ जानेवारी १९५० रोजी राजचिन्ह म्हणून सिंहमुद्रा स्वीकारली गेली. इंग्रजीत ‘मराठा’ हे नाव मध्ये ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून लिहिलेले असेल तर ती जुनी लेखनपद्धती होय. त्यापुढे पाचाचा आकडा असेल तर ते टायटल १९२२ ते १९४५ या काळातले, कारण रेजिमेंटच्या नावापुढचे आकडे १९४५ मध्ये गाळले गेले. आणि नुसता १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ असा आकडा असलेले पितळी टायटल त्याहूनही आधीचे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या पिढीचे समजावे. त्या पिढीतील मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, तेव्हा असा आकडा हाती लागलेल्या घराने त्या दिशेने अवश्य शोध घ्यावा.

कोल्हापूरकरांनी आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. संस्थानाची स्वतःची राजाराम रायफल्स ही पलटण होती आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ती मराठा लाईट इन्फंट्रीत सामावली गेली. टायटलवर राजाराम रायफल्सचे नाव असेल तर नोंदींचा शोध सुरुवातीला संस्थानच्या कागदपत्रांत आणि नंतर भारतीय सैन्याच्या नोंदींत, असा दोन ठिकाणी घ्यावा लागतो.

आता चित्र जुळवावे

इथवर आल्यावर चित्राकडे वळावे. मराठी घरांत दुसऱ्या महायुद्धातले जे बिल्ले निघण्याची शक्यता जास्त, ते पुढीलप्रमाणे आहेत. काळ्या चौकोनावर लाल गरुड ही चौथ्या भारतीय डिव्हिजनची खूण असून ती उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढली. काळ्यावर लाल वर्तुळ पाचवीचे, क्लोव्हर या वनस्पतीची तीन पाने आठवीची. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव ज्या पहिल्या मराठा पलटणीत होते, ती याच आठव्या डिव्हिजनमध्ये होती.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरची चित्रे अधिक ठसठशीत आहेत : सातवीचा सोनेरी बाण, सतरावीचे काळे मांजर, एकोणिसावीची मुठीत धरलेली कट्यार, विसावीचा तलवार धरलेला हात, तेविसावीचा लढाऊ कोंबडा, पंचविसावीचा इस्पिकचा एक्का आणि सव्विसावीचा त्रिकोणातून झेपावणारा वाघ. या सर्वांच्या वर चौदावी आर्मी होती आणि तिच्या लाल-काळ्या ढालीवर पांढरी तलवार असे. मराठ्यांची चौथी पलटण कोंबड्याच्या डिव्हिजनमधली होती आणि मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे ती पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली लढली. म्हणजे लढाई एका ब्रिगेडबरोबर आणि दंडावर बिल्ला दुसऱ्याच डिव्हिजनचा, असेही घडते.

प्राण्या-पक्ष्यांचे बिल्ले सहसा उजव्या-डाव्या जोडीत बनवले जात आणि तोंड पुढच्या बाजूला राहील अशी काळजी घेतली जाई, त्यामुळे विरुद्ध दिशांना पाहणारी दोन मांजरे सापडली तर त्यांतले एक चुकीचे आहे असे समजू नये.

स्वातंत्र्यानंतरच्या बिल्ल्यांत पार्श्वभूमीचे पट्टे आधी पाहावेत. लाल-काळा-लाल असे आडवे पट्टे कमांडचे असतात आणि लाल-पांढरा-लाल पट्टे कोअरचे. दक्षिण कमांडच्या बिल्ल्यावर लाल-काळ्या-लालवर दक्षिण दिशेच्या तारकापुंजाचे तारे आहेत, तर पंधराव्या कोअरच्या बिल्ल्यावर चिनारचे पान आहे. डिव्हिजनच्या बिल्ल्यांना हे पट्टे नसतात. जुन्या डिव्हिजनांचे गरुड, मांजर, कट्यार, एक्का, वाघ ही चित्रे आजही वापरात असल्याने नुसत्या चित्रावरून युद्धकाळ सिद्ध होत नाही. आपण आधी पाठ वाचली ती याचसाठी. सोनेरी बाण तर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या सातव्या डिव्हिजनांनी ठेवला. उलट दहाव्या क्रमांकाची आजची डिव्हिजन आडव्यातिडव्या तलवारी लावते, तिचा महायुद्धातल्या तिरक्या पट्ट्याशी संबंध जोडू नये.

काही संघटनांची स्थापनावर्षे माहीत असली तर अशक्य गोष्टी चटकन बाजूला काढता येतात. राष्ट्रीय रायफल्स १९९० ची, चौदावी कोअर १९९९ ची, दक्षिण-पश्चिम कमांड २००५ ची. १९७५ साली निवृत्त झालेल्या माणसाच्या ट्रंकेत यांपैकी काही असेल तर ते नंतर कोणीतरी आणून ठेवलेले आहे. कोरियाशी संबंध सांगणारा बिल्ला निघाला तर १९५३-५४ मधील भारतीय कस्टोडियन फोर्सची (युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाची) शक्यता तपासावी. तिचे नेतृत्व आपल्याच जिल्ह्यातल्या एस. पी. पी. थोरात यांनी केले होते. आणि लाल, गडद निळा व आकाशी अशा तीन रंगांचा बिल्ला दिसला की फार आनंदून जाऊ नये, तो एनसीसीचा असतो. घरातल्या कोणाच्या तरी कॉलेजच्या दिवसांतला.

बिल्ला माणसाशी जुळतो का

बिल्ला ओळखणे आणि तो आपल्या आजोबांचाच आहे हे ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवान एकमेकांत बिल्ले अदलाबदल करीत, शेजारच्या ब्रिटिश पलटणीकडून आठवण म्हणून मागून घेत, आणि पुढे टेरिटोरियल आर्मीत दाखल झाले तर तिथलेही त्याच डबीत टाकीत. टेंबलाई टेकडीच्या परिसरातली १०९ टीए मराठा पलटण कोल्हापुरात सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे ही शक्यता इथे विशेष धरावी. शिवाय घरातल्या आठवणींत प्रत्येक आजोबा ‘बर्मा’तच लढलेले असतात, मग पदक इटलीचे का असेना.

म्हणून पदकांच्या फिती बिल्ल्याशेजारी मांडून पाहाव्यात. इटली स्टारची फीत लाल, पांढरी आणि हिरवी असते. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असून मधोमध लाल पट्टा असतो. बर्मा स्टारची फीत गडद निळी असून मध्ये लाल आणि बाजूंना नारिंगी पट्टे असतात. लाल गरुडाबरोबर आफ्रिका स्टार असेल तर गोष्ट जुळली. लाल गरुडाबरोबर फक्त बर्मा स्टार असेल तर थांबून विचार करावा. ब्रिटिश जवानांना मिळालेली दुसऱ्या महायुद्धाची स्टार पदके कोरी असत, परंतु भारतीय सैनिकांच्या पदकांवर क्रमांक आणि नाव ठोकलेले असते. ते भिंगाने वाचून जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

कागदपत्रांत सर्वांत मोलाचे डिस्चार्ज बुक, त्यानंतर पेन्शनचा आदेश, मग जुनी पत्रे आणि गणवेशातले फोटो. फोटो मोठ्या आकारात स्कॅन केल्यास दंडावरचे चित्र पुष्कळदा स्पष्ट होते, पण फोटो काळा-पांढरा असल्याने लाल रंग काळसर दिसू शकतो हे लक्षात ठेवावे. स्वातंत्र्योत्तर जवानाचा सात आकडी क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर तो सहसा मराठा लाईट इन्फंट्रीचा असतो. आपल्याकडचे सगळेच काही मराठा पलटणीत नव्हते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, महार रेजिमेंटमध्ये, तोफखान्यात आणि सर्व्हिस कोअरमध्येही पुष्कळ माणसे होती, आणि सॅपर्सच्या कंपन्या वेगवेगळ्या डिव्हिजनांना जोडून दिल्या जात, त्यामुळे त्यांच्या बिल्ल्यांत विविधता अधिक असते.

कागद अपुरे असतील तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कोणाकडे करावा हे विचारून घ्यावे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या नोंदींचे कार्यालय बेळगावात रेजिमेंटल सेंटरमध्ये आहे. अर्जात पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव व तालुका, सैनिक क्रमांक, भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष, आणि आपले त्यांच्याशी नाते एवढे स्पष्ट लिहावे व बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडावेत. मूळ बिल्ला किंवा मूळ डिस्चार्ज बुक टपालाने कधीही पाठवू नये. युद्धात कामी आलेल्या माणसाचे नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत क्रमांक, पलटण आणि तारखेसह मिळते. ती तारीख हाती आली की त्या दिवशी पलटण कोणत्या डिव्हिजनमध्ये होती हे शोधता येते आणि बिल्ल्याचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

ठेवण्याची पद्धत

आपल्याकडच्या पावसाळ्यात लोकरी फेल्टला बुरशी आणि कसर या दोन्हींपासून धोका असतो. बिल्ले आम्लरहित कागदात सुटे गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवावेत, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नयेत. कसर लागलेली दिसली तर बिल्ला हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये, साधारण उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. लॅमिनेशन करू नये, काचेच्या फ्रेममध्ये डिंकाने चिकटवू नये आणि हौसेखातर शर्टाला शिवूनही फिरू नये, कारण आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी लष्करी खूण धारण करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

प्रत्येक बिल्ल्याच्या पाकिटावर पेन्सिलीने तीन ओळी लिहाव्यात : वस्तू कोणाच्या ट्रंकेतून आली, ती काय आहे असे आपण ठरवले, आणि ते कशावरून ठरवले. तिसरी ओळ कोणी लिहीत नाही. पण उद्या बेळगावहून उत्तर आले आणि पलटण वेगळीच निघाली, तर आपला कोणता पुरावा कच्चा होता हे याच ओळीवरून शोधता येते आणि काम पहिल्यापासून करावे लागत नाही.